तृप्ती व्हिडिओ आणि दोन डिस्कांचं भांडण

८ सप्टेंबर २००७, शनिवार

भैय्याजी म्हणाले, "गौतम, तुह्या डोक्यात जे फिरून राहिलं ना, ते कुठंतरी लिहून काढ. मले नको सांगू." भैय्याजी म्हणजे आमच्या दुकानाचे घरमालक, संत्र्याचे व्यापारी. मी त्यांना सकाळपासून तिसऱ्यांदा दोन डिस्कांचं भांडण समजावून सांगत होतो आणि त्यांना ट्रक भरायचा होता. म्हणून ही डायरी.

तर भांडण असं. डीव्हीडीचे दिवस भरत आले आहेत. तिच्या जागी कितीतरी साफ चित्राची नवी डिस्क येणार, हे ठरलेलं आहे. कोणती, ते ठरलेलं नाही. एक आहे एचडी डीव्हीडी, दुसरी ब्लू-रे. एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालत नाही. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या या नाहीतर त्या बाजूला उभ्या आहेत, आणि जो चुकीच्या बाजूला उभा राहील त्याच्याकडे उद्या नुसतं प्लास्टिक उरेल.

पांढुर्ण्यात व्हीसीडी सगळ्यात आधी मी आणली. डीव्हीडीही मीच. आता मी एचडी डीव्हीडी निवडली आहे. नावातच डीव्हीडी आहे, गिऱ्हाइकाला वेगळं काही शिकवायला नको. बाजारात ती आधी आली. तिच्यावर देशाचं बंधन नाही, दुबईची डिस्क इथे चालते. मशीनही दुबईहून मागवलं, काल पोचलं. दुकानाच्या दर्शनी कोपऱ्यात काचेची पेटी करून त्यात ठेवलं आहे.

तृप्तीला त्या कोपऱ्यात गेमचं मशीन हवं होतं. ती माझी बायको, घरी शिवणकाम करते, दुकानाच्या पाटीवर नाव तिचंच आहे. मी सांगितलं, हे दुकान आहे, बालवाडी नाही. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

९ सप्टेंबर, रविवार

आज चाचणी घेतली. दुकानातल्या एकवीस इंची टीव्हीला आधी साधी डीव्हीडी लावली, मग नवी. समुद्राखालच्या माशांची डिस्क आहे. मी म्हणालो, "बघ, खवला न् खवला दिसतो."

तृप्तीनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मले तर दोन्ही सारखेच दिसून राहिले जी. टीव्ही जुनाच आहे न आपला."

मी म्हणालो, डोळे तपासून घे. मला तर फरक स्पष्ट दिसत होता. निदान निळ्या रंगात तरी.

१२ सप्टेंबर, बुधवार

आज गोटमार, दोन गावांच्या दगडफेकीची जत्रा. दुकान बंद. तृप्तीचा भाऊ कुणाल सौसरहून काल पोळ्यालाच आला होता. त्याचं सौसरच्या बसस्टँडवर झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. आम्ही तिघं भैय्याजींच्या गच्चीवरून जाम नदीकडे पाहत होतो. नदीत पळसाचं झाड, त्यावर झेंडा, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मध्ये दगडांचा मारा.

मी कुणालला म्हणालो, आमचं भांडण असंच आहे. झाडाजवळ जो आधी पोचला त्याचा झेंडा. एचडी आधी पोचली आहे.

कुणाल म्हणाला, "भाऊजी, झाड तर दरसाल दोघांच्या समझोत्यानंच चंडीच्या मंदिरात जाते."

तृप्ती म्हणाली, "आन दगड लागते तो काठावर उभं राहणाऱ्याले."

बायकांना व्यापारातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक गोष्टीत दगड आणायची तिला सवय आहे. संध्याकाळपर्यंत मला चैन पडली नाही. दोनदा खाली उतरून दुकानाचं शटर उघडून पेटीची काच ठीक आहे ना ते पाहून आलो.

२६ सप्टेंबर, बुधवार

नवं मशीन पहिल्यांदा बाहेर पाठवलं. रामाकोन्याला एका घरी बारसं होतं. टीव्ही-प्लेअरचा सेट मी गावोगाव भाड्यानं देतोच, या वेळी साध्याऐवजी हे दिलं आणि स्वतः सोबत गेलो. मासे लावले. माणसं पाच मिनिटं गप्प बसली. मग बाळाचा आजा म्हणाला, "मच्छी चांगली आहे बाबू, पण यात भीमगीतं लागते का?" मी व्हीसीडी लावून दिली. रात्री उशिरापर्यंत वाजली म्हणे. चित्राबद्दल कोणीच काही विचारलं नाही. नव्या गोष्टीला वेळ लागतो.

२२ ऑक्टोबर, सोमवार

काल दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. गर्दी नेहमीसारखीच, पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पुस्तकं, कॅलेंडरं, पंचशीलाचे झेंडे घेत होते. मी सासूबाईंसाठी चष्म्याचं घर घेतलं. कुणाल आणि तृप्ती मध्येच सीताबर्डीला जाऊन येतो म्हणून गेले आणि परत आले ते एक मोठं खोकं घेऊन. प्लेस्टेशन. गेमचं मशीन, नवं, तिसऱ्या नंबरचं. कुणाल आता झेरॉक्सच्या मागच्या खोलीत गेम पार्लर काढणार आहे.

परतीच्या गाडीत माझा आणि त्याचा वाद जुंपला. त्याचं म्हणणं, या मशीनमध्ये ब्लू-रे आतच बसवलेली आहे.

"मग?" मी म्हणालो. "माझ्या बाजूचंही गेमचं मशीन आहे."

"आहे न. पण त्याच्यात एचडीवाला डबा अलग घ्यावा लागते. कोन घेते अलग?"

मी म्हणालो, सिनेमा कसा पाहायचा हे सिनेमा पाहणारे ठरवतील, गेम खेळणारी पोरं नाही. इतकी वर्षं या धंद्यात मी उगाच नाही.

तृप्ती खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "लोक सिनेमासाठी मशीन घेतच नाई जी. पोट्टे मागं लागते म्हनून घेते. मंग घरात आलंच आहे तर सिनेमाबी त्यातच पाहते. ज्याच्या मशीनमध्ये गेम, त्याचीच डिस्क चालन."

मी हसलो. बिचारी भावाची बाजू घेते. खोकं तर नागपूर ते पांढुर्णा मांडीवर घेऊन बसली होती. कुणालनं दोनदा मागितलं, मी एकदा, पण तिनं दिलं नाही. बहीण म्हणजे बहीण.

११ नोव्हेंबर, रविवार

तृप्ती सौसरला गेली. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि कुणालला नव्या खोलीत मांडामांडीला मदत हवी आहे. चार दिवसांत येईल. मलाही बरंच, डिस्कांची नवी मांडणी निवांत करता येईल.

२१ नोव्हेंबर, बुधवार

मांडणी झाली. परत मोडली. आता भाषेप्रमाणे लावतोय.

तृप्तीला फोन केला. मागे गाड्यांचा भयंकर आवाज येत होता.

"बसस्टँडवर आहेस का?"

"हाव, तसंच समजा."

"कधी येतेस?"

"येतो न. दोन-चार दिवस." आणि मग एकदम, "अरे, अरे, अरे," आणि फोन ठेवला. बसस्टँडवर काही झालं असावं. परत लावला तर उचलला नाही.

३ डिसेंबर, सोमवार

तृप्ती शनिवारी आली होती, आज परत गेली. तिच्या उजव्या अंगठ्याला हा एवढा फोड आहे. विचारलं तर म्हणाली, काम पडते. झेरॉक्सच्या मशीनवर अंगठ्याला असं काय काम असतं कोण जाणे. मी हळद लावून चिंधी बांधून दिली, तेव्हा ती माझ्याकडे पाहून हसली. खूप दिवसांनी हसली.

तिला बसपर्यंत सोडायला मोटारसायकल काढली. मागे बसून वळणावर ती आधीच झुकत होती, आणि रेल्वे फाटकाच्या वळणावर म्हणाली, "ब्रेक आधी मारा, वळणात नका मारू. वळणात गाडी सोडा." हिनं आयुष्यात कधी सायकलही चालवलेली नाही. मी म्हणालो, तुला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "आपटून आपटून शिकली."

बस सुटल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो. दुकानात यावंसं वाटेना.

१९ डिसेंबर, बुधवार

लोधीखेड्याचं एक घर घरच्या प्रत्येक कार्याला माझ्याकडून सेट नेतं. या वेळी जावळ होतं, पण आले नाहीत. कळलं की सौसरहून कुणालचं मशीन गेलं, त्याच्या नव्या चपट्या टीव्हीसकट. पोरं दिवसभर गाड्या पळवत होती आणि संध्याकाळी बायामाणसांनी त्यातच ब्लू-रे लावून सिनेमा पाहिला.

मी तडक सौसरला गेलो. कुणालच्या दुकानासमोर उभा राहिलो. मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि आतून पोरांचा गलका येत होता. मी आत गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. कुणालच बाहेर आला.

"भाऊजी, आत या न. आमच्याकडे एक खेळाडू आहे, सगळ्या सौसरात कोनाले हारत नाई. परवा नागपूरचे दोन पोट्टे आले होते, मान खाली घालून गेले."

"कोण आहे?"

"आत येऊन पाहा."

मला कोणा कॉलेजातल्या टारगटाचं कौतुक पाहायचं नव्हतं. मी तृप्ती कुठे आहे विचारलं. कुणाल पडद्याकडे पाहत म्हणाला, कामात आहे.

मग मी घरी सासूबाईंना भेटलो. त्यांनी चहा दिला. त्यांचे गुडघे बरेच ठीक दिसले, चहा उभ्यानंच केला. मी म्हणालो, तृप्तीला आता पाठवा. इंदूबाई, म्हणजे सासूबाई, कप विसळायला वळल्या. मग म्हणाल्या, "जवाईबापू, राग नका मानू. पण पोरगी अथी हासते."

परतीच्या बसमध्ये तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. इथे हासते म्हणजे काय? माझ्याकडे रडत होती का? कधीच रडली नाही. मला आठवतंय तिचं शेवटचं मोठ्यानं हसणं, आणि ते दुकानातलं नाही, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं आहे, मी सेट पोचवायला गेलो तेव्हा सायकलवरून टीव्हीसकट नाल्यात पडलो होतो तेव्हाचं.

६ जानेवारी २००८, रविवार

सायबर कॅफेत बातमी वाचली. अमेरिकेतली एक फार मोठी सिनेमा कंपनी यापुढे फक्त ब्लू-रेवर सिनेमे काढणार. आतापर्यंत ती दोन्हीकडे होती. एकाच माणसानं बाजू बदलली म्हणून झेंडा पडत नाही. खाली कोणीतरी आकडेमोड मांडली होती की ब्लू-रे चालवणाऱ्या यंत्रांमध्ये निम्म्याहून जास्त तर गेमची मशिनंच आहेत. मी ती खिडकी बंद केली. मग परत उघडून पुन्हा वाचली.

तृप्तीला फोन करून सांगितलं की घाबरू नकोस, आपण टिकणार.

ती म्हणाली, "मी कायले घाबरू? मले डिस्कचं सांगू नका."

"मग काय सांगू?"

"दोन महिने झाले. तुम्ही मले एकदा तरी इचारलं काय, का मी दिवसभर करतो काय?"

मी लगेच विचारलं, "काय करतेस?"

"आता नाई सांगत," ती म्हणाली. "आता येऊन पाहा, नाईतर राहू द्या. मी कुठंच पडून राहिली नाई. मले अथी काम आहे, मले अथी लोक इचारतात."

तिनं फोन ठेवला. इतके दिवस मी चार दिवस, दोन-चार दिवस असं लिहीत आलो. आज लिहून ठेवतो. ती परत येणार नाही अशी मला भीती वाटते.

१५ जानेवारी, मंगळवार

शटर उघडलं, बंद केलं, उघडलं. पेटीची काच पुसली. मासे लावले, बंद केले. स्टेशनपर्यंत चालत गेलो, एक गाडी गेली, परत आलो. भैय्याजी म्हणाले, "अबे, एका जागी बस तरी." बसलो. उठलो.

एक गोष्ट करून पाहिली. साधी डीव्हीडी आणि नवी डिस्क, कोणती कोणती आहे ते न पाहता लावून घेतली. दुकानात हाताखाली असतो तो पोरगा नव्हता म्हणून भैय्याजींनाच लावायला सांगितलं. मी चुकीची सांगितली. पुन्हा केलं, पुन्हा चुकलो. भैय्याजी म्हणाले, प्रकाश जास्त आहे खोलीत.

२० फेब्रुवारी, बुधवार

संपलं. काढणाऱ्या कंपनीनंच काल जाहीर केलं, एचडी डीव्हीडीची यंत्रं यापुढे बनवणार नाहीत. पेपरात आतल्या पानावर एवढुशी बातमी. वर गव्हाच्या भावाची मोठी.

सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्यांदा ती पेटी काढली. ज्यानं त्यानं येऊन तिच्याकडे पाहावं आणि काय झालं विचारावं, हे सहन होणार नव्हतं. मशीन पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. कोपरा उघडाबोडका झाला. त्याच्याकडे पाहवेना, म्हणून शटर ओढलं आणि सौसरची बस धरली.

पडदा बाजूला करून आत गेलो. अंधारी खोली, समोर मोठा चपटा टीव्ही, आणि पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं उभी. कोणी वळून पाहिलं नाही. टीव्हीवर एक लाल गाडी डोंगराच्या कडेनं सुसाट चालली होती. चित्र असं होतं की रस्त्यावरची खडी वेगवेगळी दिसत होती. खरोखर दिसत होती. मला तेव्हाच कळलं की साफ म्हणजे काय, आणि मी ते आधी कधी पाहिलेलंच नव्हतं.

वळण आलं. ब्रेक आधी लागला, मग वळणात गाडी सोडली. पोरं ओरडली, "ताई, घ्या, घ्या, आतून घ्या." मी पोरांच्या डोक्यांवरून पाहिलं. खुर्चीच्या टोकावर तृप्ती बसली होती. पदर कमरेला खोचलेला, अंगठ्याला चिंधी, जीभ दातांत धरलेली. टीव्हीचा उजेड तिच्या तोंडावर होता. मी या बाईबरोबर नऊ वर्षं राहतो आणि हे तोंड मी पाहिलेलं नव्हतं.

शर्यत संपली, ती जिंकली. मग तिनं मला पाहिलं. कुणालनं पोरांना चहाच्या टपरीवर पिटाळलं आणि स्वतःही गेला.

"तुमची बातमी वाचली मी," ती म्हणाली. "वाईट वाटलं."

"तू म्हणाली होतीस."

"म्हनून काय झालं. वाईट तर वाटलंच."

मी म्हणालो, "त्या टीव्हीवर मला फरक कधी दिसलाच नाही. पहिल्या दिवशीही नाही."

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुम्ही मासे पाहतच नव्हते. माह्याकडं पाहून राहिले होते, का मी हाव म्हनतो का नाई म्हनतो."

मी कुणालचं मशीन छान आहे असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "कुणालचं नाई. माहं आहे. शिवणाच्या पैशातून घेतलं. त्याची फक्त खोली आहे." तिनं मांडीवरचा रिमोट उलटा-सुलटा केला. "आपल्या कोपऱ्यासाठी घेतलं होतं. तुम्ही पेटी ठेवली."

नागपूर ते पांढुर्णा मांडीवर खोकं. दीक्षाभूमीची गर्दी पार करून आणलेलं. मी शेजारीच बसून कुणालशी वाद घालत होतो.

"कोपरा रिकामा आहे," मी म्हणालो. "सकाळीच केला."

खरं तर लाजेपायी केला होता. पण ते मी तिला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवतो.

तिनं रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी आली तर गिऱ्हाइकाले चहा द्याले नाई येनार. मशीन माहं, पोट्टे माहे, टाइम माहा. तुमच्या डिस्का तुम्ही पाहा."

मी हो म्हणालो.

"इतक्या लवकर हो नका म्हनू. इचार करा."

मी विचार केला. मग पुन्हा हो म्हणालो. ती म्हणाली, पाहते. बसपर्यंत सोडायला मात्र आली नाही, कारण पोरं परत आली होती.

२ मार्च, रविवार

या दहा-बारा दिवसांत काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते एवढंच की फोन आला नाही. मी दोनदा उचलला आणि ठेवून दिला. तिनं विचार करा म्हटलं होतं, तर मी विचार करत होतो.

आज सकाळी पहिल्या बसनं तृप्ती आली. सांगितलं नव्हतं. खोकं मांडीवर, शालीत गुंडाळलेलं. मी उचलू लागलो तर क्षणभर तिनं सोडलं नाही, मग सोडलं. भैय्याजी ट्रकजवळून ओरडले, "आली का पोरी? याले आता एका जागी बसव."

कोपरा तिनं स्वतः पुसला. मशीन मांडलं, वायर जोडल्या. टीव्ही आपलाच, एकवीस इंची, जुना. गाड्या धुरकट दिसत होत्या, रस्त्यावरची खडी गायब. मी म्हणालो, सौसरसारखं नाही दिसत. ती म्हणाली, "टीव्ही नंतर पाहू. आधी खेळता तर येऊ द्या." दुपारी संत्र्याच्या मंडीतले पॅकिंगवाले सुट्टी झाल्यावर डोकावले, त्यांना तिनं आळीपाळीनं बसवलं. एकानं जाताना माझ्याकडून दोन व्हीसीडी नेल्या. मी माझ्या टेबलावर बसलो होतो. कोणी चहा मागितला तर मीच केला.

संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिनं दुसरा रिमोट माझ्यासमोर धरला. "बसा."

बसलो. पहिल्यांदा भिंतीवर आदळलो. मग झाडावर, मग पुन्हा त्याच भिंतीवर. ती हसत होती, नाल्यात पडलो होतो तेव्हासारखी, पोट धरून. मग कशी कोण जाणे गाडी सरळ झाली. वळणं येत होती आणि जात होती. मी ब्रेक आधी मारत होतो. शेवटी मी म्हणालो, बघ, एक फेरी पूर्ण केली.

"केली," तृप्ती म्हणाली. "उलट्या दिशेनं."

पण उठा म्हणाली नाही.